जुना राउटर टेबलाखाली बसवताना: आधी बेअरिंग आणि स्विच, लिफ्ट नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा मकिता ३६१२ राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खोबणी आणि आकार काढणारं यंत्र, बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. अजून सुरू होतो, पण किंचाळतो. कार्बनपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या घासत्या तुकड्यांपाशी) ठिणग्या दिसतात आणि पाताम मारताना (फळीच्या कडेला पायरी काढताना) बिट, म्हणजे कापणारं पातं, हळूहळू बाहेर सरकतं. तो दुरुस्त करून कायमचा टेबलाखाली बसवायचा, शटरचे दिल्हे (चौकटीत बसणाऱ्या फळ्या) त्यावर काढायचे, तर कोणती लिफ्ट, म्हणजे राउटर टेबलाखाली वरखाली करणारी यंत्रणा, घ्यावी?

लिफ्टवर आत्ता एक रुपयाही घालू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचा लिफ्टशी काही संबंध नाही आणि त्या तशाच ठेवून महागडी लिफ्ट लावलीत तर खराब यंत्र वरखाली करण्याची उत्तम सोय तेवढी होईल. यंत्र मात्र राखण्यासारखं आहे. या पिढीचे राउटर हातात धरून चालवायला जड, जवळपास सहा किलोचे. दिवसभर चालवून मिस्त्रीचे खांदे भरून यायचे. टेबलाखाली तेच वजन कामाला येतं, कारण थरथर कमी होते. शिवाय आत इलेक्ट्रॉनिक्स नाही, कार्बन बाहेरून निघतात आणि उघडायला चार स्क्रू पुरतात.

टेबलाखाली गेल्यावर दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे यंत्र उलटं लटकतं आणि कोलेटचं (बिटाची दांडी पकडणाऱ्या भागाचं) तोंड वर येतं, त्यामुळे भुसा थेट त्यात पडतो. दुसरी म्हणजे तुमचे दोन्ही हात लाकडावर असतात, स्विचवर एकही नसतो. पुढे जे काही बदल सांगतो ते सगळे या दोन कारणांपायी आहेत.

उघडण्याआधी वायर बघा. माळ्यावर पडलेल्या यंत्राची वायर उंदरांनी कुरतडलेली असते किंवा इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं. पुढे तुकडा जोडून उपयोग नाही, पूर्ण बदला. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर यंत्र डबल इन्सुलेटेड आहे, त्याला दोनच तारा असतात. ते चिन्ह नसेल तर तिसरी, अर्थिंगची तार हवीच. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असलेल्या कुणाकडून प्लगच्या पिना आणि धातूचा बेस यांच्यातला रोध मोजून घ्या. डबल इन्सुलेटेड यंत्रात तो किमान ७ मेगाओहम हवा आणि धडधाकट यंत्रात त्याच्या कितीतरी पुढे असतो. माळ्यावर पावसाळे काढलेलं यंत्र कमी दाखवतं. अशा वेळी फक्त उन्हात दोन दिवस ठेवूनसुद्धा आकडा सुधारतो. नाहीच सुधारला तर वायंडिंगमध्ये गळती आहे, आणि तिथे थांबा. पट्टीवरचा व्होल्टेजही वाचा. अमेरिकेहून कुणी आणलेलं १२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलं की काही क्षणांत जळतं, आणि त्याला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड आणि महाग पडतो.

आता किंचाळणं. ते जवळजवळ नेहमी बेअरिंगचंच असतं. आतलं ग्रीस वाळून खडा झालेलं असतं. प्लग काढून कोलेटजवळ शाफ्ट हाताने फिरवा. खरखर जाणवली, किंवा शाफ्ट आडवा हलवल्यावर टक् असं जाणवलं, तर बदलायचं. खोलताना एक क्रम पाळा. आधी दोन्ही कार्बन बाहेर काढा, मग आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) ओढा. कार्बन आत ठेवून आर्मेचर ओढलं की कार्बनची टोकं तुटतात आणि कधी होल्डरही वाकतो.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तो वाचून तोच आणा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. नंबरचं गणित सोपं आहे: शेवटचे दोन आकडे ०० असतील तर आतलं भोक १० मिमी, ०१ ला १२, ०२ ला १५, ०३ ला १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं. ६०८ मात्र तीनआकडी, त्याचं भोक ८ मिमी. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती नंबरापुढच्या अक्षरांत. दुकानदार भुशाचं काम म्हटल्यावर रबरी सीलचं, म्हणजे टूआरएस, पुढे करतो. त्या सीलचं रबर आतल्या रिंगला घासतं. पंप किंवा पंख्याला ते चालतं, पण राउटर मिनिटाला बावीस-तेवीस हजार फेरे मारतो. ६२०३ च्या घासणाऱ्या सीलची कॅटलॉगमधली मर्यादा साधारण १२ हजारांची आहे. सील तापतं, ग्रीस पातळ होतं, आणि थोड्याच कामानंतर पुन्हा तोच आवाज. पत्र्याची शील्ड असलेलं झेडझेड वेगाला चांगलं, पण उलट्या राउटरच्या कोलेटकडच्या बाजूला बारीक भुसा आत सोडतं. यावर मधला मार्ग आहे: रबरी पण न घासणारं सील. एनटीएनमध्ये त्याला एलएलबी म्हणतात, एनएसकेमध्ये व्हीव्ही, एसकेएफमध्ये टूआरझेड. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही मोठ्या बेअरिंग डीलरकडे मागितलं तर मिळतं, दोन-चार दिवस थांबावं लागेल इतकंच. कोलेटकडच्या बाजूला हेच घाला. कार्बनकडच्या बाजूला झेडझेड चालेल. आणि पाकिटावरचा छाप बघूनच घ्या, या आकारांत नकली माल पुष्कळ आहे.

बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर यायला हवा. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की गोळ्यांचे डाग पडतात आणि नवं बेअरिंगही पहिल्याच दिवशी गुणगुणतं. आतल्या रिंगएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा आणि बाकावरची शिगंजी (व्हाइस) पुरते. बॉडीतली बेअरिंगची जागा सैल झाली असेल तर बरेच मेकॅनिक आत पंचने टोचे मारून घट्ट करतात. कृपया तसं करू देऊ नका. टोच्यांवर बेअरिंग तिरकं बसतं. जागा थिनरने पुसून लॉक्टाइट ६४१ (बेअरिंग जागेवर धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा, एक रात्र ठेवा, काम होतं.

आता ठिणग्या. आर्मेचर बाहेर आहेच तर कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) नीट पाहा. कार्बन घासून पाच-सहा मिमीवर आला असेल, किंवा होल्डरमध्ये अडकून स्प्रिंग त्याला दाबत नसेल, तर नव्या कार्बनने प्रश्न सुटतो. कार्बनवर नंबर असतो, त्याच नंबरची जोडी घ्या, एकच बदलू नका. कम्युटेटर नुसता काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी पुरेल. एमरीचं कापड नको, त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकतात. तांब्यात खळगा पडला असेल तर लेथवर अगदी थोडं सोलून घ्या आणि मग पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या खाली अर्धा-पाऊण मिमी खरवडून घ्यायला सांगा. हे दुसरं काम टर्नर विसरतो. अभ्रक वर राहिला की कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या आधीपेक्षा वाढतात.

मग मल्टिमीटर घेऊन शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधला रोध सगळीकडे मोजत जा. सगळे आकडे सारखे यायला हवेत. एकच जोडी वेगळी आली तर त्या जागी कॉइल शॉर्ट किंवा तुटलेलं आहे. अशा यंत्रात ठिणग्यांचं पूर्ण कडं कम्युटेटरभोवती फिरताना दिसतं. कार्बनखाली अधूनमधून निळसर ठिणगी दिसणं मात्र सामान्य आहे. त्याची काळजी नको. आर्मेचर खरंच गेलं असेल तर रिवाइंडिंगपेक्षा तयार आर्मेचर घ्या. रिवाइंड केलेल्याचं संतुलन नीट साधलेलं नसतं, आणि या वेगाला ते नव्या बेअरिंगचं आयुष्य खाऊन टाकतं. मूळ सुटा भाग मिळत नसेल तर माझ्या मते यंत्र तिथेच सोडावं.

बिट सरकण्याचं कारण मात्र मला बेअरिंगपेक्षाही जास्त काळजीचं वाटतं. पहिली शंका: कोलेट अर्ध्या इंचाचं आणि बिट १२ मिमीचं तर नाही ना? अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १२ चं बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये घट्ट झाल्यासारखं वाटतं आणि लोडवर सुटतं. तसंच ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५. आपल्याकडे दोन्ही मापांचे बिट एकाच खोक्यात मिसळलेले विकले जातात, म्हणून व्हर्नियरने दांडी मोजल्याशिवाय बिट बसवू नका. माप बरोबर असूनही सरकत असेल तर कोलेट झिजलंय. बिटाच्या दांडीवर तपकिरी-काळे पट्टे दिसतील, ती आत सरकल्याची खूण. कोलेट आणि शाफ्टचा उतार केरोसीन आणि पितळी ब्रशने साफ करा. उतारावर पॉलिश पेपर फिरवू नका, माप बिघडतं. मग चांगली सरळ दांडी पकडून कोलेटजवळ डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं मापक) लावा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम, ०.१ च्या पुढे असेल तर कोलेट फेकून द्या. नवं कोलेट नटसकट घ्या.

कोलेट नवं घेऊनही लोक ते वर्षभरात बिघडवतात, कारण बिट तळाला टेकवून आवळतात. आवळताना कोलेट दांडीला आत ओढतं, तळाला टेकलेली दांडी ओढली जात नाही आणि पकड अर्धवट राहते. तळाला टेकवा, दोन-तीन मिमी वर घ्या, मग आवळा. दांडीचा निदान २० मिमी भाग आत हवा. आत बिट नसताना नट कधीच आवळू नका. टेबलाखाली कोलेट वर तोंड करून असल्यामुळे प्रत्येक बिट बदलताना आतला भुसा झटकणं ही सवय लावून घ्यावी लागेल. त्या भुशाचा चिमूटभर थरही दांडीची पकड ढिली करतो.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शटरचे दिल्हे काढायचेत असं लिहिलंय, म्हणून सांगणं भाग आहे. साध्या ३६१२ ला वेग कमी करायची सोय नाही, ती पुढे ३६१२सी मध्ये आली. ५० मिमीचं बिट बावीस हजार फेऱ्यांना फिरलं तर त्याची धार सेकंदाला ५८ मीटर जाते. ८० मिमीचं आडवं दिल्ह्याचं बिट असेल तर ९२ मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटर. अशा बिटांना दहा-बारा हजार फेरेच योग्य. चांगल्या बिटाच्या दांडीवर कमाल फेरे कोरलेले असतात, मोठ्या बिटावर ते नसतील तर बिट घेऊच नका.

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे बाहेरून रेग्युलेटर. पंख्याचा तर अजिबात नको, तो जळेल. ऑनलाइन चार हजार वॉटचे म्हणून मिळणारे ट्रायॅकचे मॉड्यूल चालतात, वेग कमीही होतो. पण त्यांना मोटरचा खरा वेग कळत नाही. लाकूड लागलं की फेरे पडतात, तुम्ही नॉब वाढवता, लाकूड सुटलं की यंत्र पळतं. दुसरं, मोटर थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर आहे. अर्ध्या वेगाला हवा कमी आणि लोडवर करंट जास्त, अशाने जुनी वायंडिंग जळते. त्यामुळे मी अशा एकवेगी राउटरला साधारण ४० मिमीच्या आतलेच बिट लावू देतो. दिल्ह्यांसाठी उभं बिट मिळतं, त्याचा व्यास साधारण तेवढाच असतो. फळी उंच फेन्सला (टेबलावरच्या आधाराच्या सरळ आडोशाला) टेकवून उभी चालवायची. थोडं सावकाश काम, पण आडव्या बिटाइतकं भीतीदायक नाही.

आता स्विच. यात काटकसर करू नका, बाकी कुठेही करा. राउटरचा मूळ स्विच हातात धरून दाबायचा, त्याला लॉक असतं. टेबलाखाली लोक तो लॉक करून किंवा केबल टाय बांधून ठेवतात आणि भिंतीवरच्या बटणावरून चालवतात. मग लाइट जाते. तुम्ही वाट बघता, चहाला जाता, परत येऊन बिटाजवळ हात घालून तुकडा काढता, आणि लाइट येते. आपल्याकडे हा प्रसंग अपवादाचा नाही. म्हणून टेबलाला असा स्विच हवा जो लाइट गेल्यावर स्वतः सुटतो आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय लागत नाही. तयार मिळतो, केजेडी१७ नावाने ऑनलाइन शोधा, १६ अँपिअरचा घ्या. गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून २३० व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच), एक स्टार्ट, एक स्टॉप बटण घालूनही तोच परिणाम साधतो. तो म्हणेल, पंपाच्या स्टार्टरसारखंच की! हो, तसंच, फक्त शेतातल्या स्टार्टरला लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून जो ऑटो स्विच लावतात तो इथे चुकूनही नको. हे त्याला स्पष्ट सांगा, कारण काही जण सवयीने लावून देतात. स्टॉपचं लाल बटण मोठं, टेबलाच्या पुढच्या कडेला, गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर. लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या. बिट बदलताना मात्र प्लगच काढायचा, स्विचवर भिस्त नको.

राउटर ज्यावर लटकतो त्या प्लेटसाठी १० मिमी जाडीचं हायलम (कडक फिनॉलिक तक्ता) किंवा ६ मिमी अ‍ॅल्युमिनियम घ्या. अ‍ॅक्रिलिक दिसायला छान, पण सहा किलोच्या लटकत्या वजनाने महिन्याभरात मधोमध खाली झुकतं आणि मग खोबणीची खोली फळीभर सारखी येत नाही. राउटरची मूळ प्लास्टिक चकती काढून तिच्याच भोकांवरून नव्या प्लेटवर खुणा करा. तिथले आटे मापून काउंटरसंक स्क्रू घ्या आणि ते थ्रेडलॉकने बसवा. मधलं भोक नेमकं केंद्रात यावं म्हणून कोलेटमध्ये सरळ दांडी पकडून तिच्या टोकाने खूण करावी. टेबलाचा वरचा भाग म्हणजे १८ मिमीच्या दोन प्लाय चिकटवून, दोन्ही बाजूंनी सनमायका. एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात वरचा भाग वाकतो. कोकणात असाल तर एमडीएफ टाळाच.

आणि उंचीची व्यवस्था. या राउटरच्या बेसमधून आट्यांचा एक दांडा वर येतो आणि त्यावर नायलॉनचा नट असतो. मोटर किती वर उठावी हे तो नट ठरवतो. उलटं लटकल्यावर मोटरचं सगळं वजन त्या नटावर टेकतं. म्हणजे नट फिरवला की बिट वरखाली होतं, तुमची लिफ्ट यंत्रात आधीच आहे! फक्त नायलॉनच्या जागी त्याच आट्यांचा लांब पितळी नट लेथवर करून घ्या, खाली हाताला येईल अशी मूठ लावून. आट्यांचं अंतर १.५ मिमी असेल तर पाव फेऱ्याला बिट ०.३७५ मिमी सरकतं, आणि सुतारकामाला याहून बारीक काही लागत नाही. प्लंजच्या (मोटर बेसवर वरखाली सरकण्याच्या) स्प्रिंगा आता विरोधातच काम करतात, त्या काढून टाका. काढताना मोटर पूर्ण वर आलेली असू द्या, वर फडकं टाका आणि तोंड बाजूला ठेवा, कारण त्या जोरात सुटतात. दांडे केरोसीनने पुसून कोरडं मेण घासा. तेल लावलं तर भुसा चिकटून खळ होते. उंची ठरल्यावर प्लंजचा खटका आवळायचा, नाहीतर थरथरीने मोटर दांड्यांवर डुलते. भंगारातला मारुती ८०० चा जॅक खाली लावण्याची पद्धतही चालते, पण जॅकच्या एका फेऱ्याला उंची प्रत्येक ठिकाणी वेगळी बदलते, म्हणून माप लावून काम करणाऱ्याला ती वैतागवाणी वाटते.

टेबलाखाली बंद खोकं करून भुसा ओढायचा विचार असेल तर मोटरला ताजी हवा कुठून मिळणार हे आधी ठरवा. हवा कार्बनकडच्या टोकातून आत जाते आणि कोलेटकडून बाहेर पडते. उलट्या राउटरमध्ये आत घेणारं तोंड तळाशी, भुशाच्या ढिगात येतं. फेन्सच्या मागून भुसा ओढा आणि खालची बाजू मोकळी ठेवा. वाळलेल्या सागाची बारीक धूळ कार्बनच्या होल्डरमध्ये भरली की ठिणग्या पुन्हा सुरू होतात, तेव्हा दर काही दिवसांनी फुंकणीने हवा मारा.

पहिल्यांदा चालवताना कोलेट आणि नट दोन्ही काढून ठेवा, दहा मिनिटं रिकामं चालू द्या आणि प्लग काढून बेअरिंगच्या जागेवर हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग तिरकं बसलंय. मग लहान सरळ बिट लावून टाकाऊ फळीवर काम करा. टेबलावर बिट वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून फेन्स पलीकडे ठेवून फळी उजवीकडून डावीकडे ढकलायची. फळी कधीही बिट आणि फेन्स यांच्या मधून न्यायची नाही, ती हातातून हिसकली जाते आणि हात आत जातो. सागात एका वेळी तीन मिमीपेक्षा जास्त खोली घेऊ नका. अरुंद तुकडे हाताने न ढकलता लाकडी ठोकळ्याने ढकला. वीतभराहून लहान तुकडा असेल तर आधी मोठ्या फळीवर आकार काढा आणि तुकडा नंतर कापा.